न उमटलेली कोयरी

मित्रांनो, मी म्हैसूरच्या एका रंगारी घरातला जुना शिसवी ठसा. माझ्या अंगावर एक कोयरी कोरलेली आहे आणि तिच्या पोटात बारीक पानं. एकेक पान कोरायला सुताराला अर्धा दिवस लागला, असं घरात सांगायचे.

कामाची वर्षं सुखाची गेली. पुष्पावती तेव्हा परकर-पोलक्यातली मुलगी होती. वडिलांशेजारी उभी राहून ती मला रंगात टेकवायची, कापडावर ठेवायची आणि पाठीवर मुठीचा एक ठोका द्यायची. कोयरीला कोयरी अशी लागून जायची की बायका काठ चाचपून म्हणायच्या, "जोड कुठं आहे, सापडतच नाही की."

मग गिरणीचं छापील कापड स्वस्त झालं. रंगाची भांडी गेली. छपाईच्या टेबलावर पुष्पावतीने शिवणयंत्र ठेवलं आणि मला कपाटावर, मापांच्या वह्यांमागे. तिच्यावर मी रागावलो नाही. पोट भरायचं होतं. पण अधूनमधून कुणी नुसता हात लावला असता, तर बरं वाटलं असतं.

चार दिवसांपूर्वी हात लागला. तो रविकिरणचा, पुष्पावतीबाईंच्या भाच्याचा. परदेशातून आलेल्या पाहुण्यांना तो एका कंपनीतर्फे पायी शहर दाखवतो. 'रंगाऱ्याच्या घरी हातछपाई' असं त्याच्या फेरीच्या जाहिरातीत लिहिलेलं, आणि ते लिहायला सांगणारा तोच. त्याच्याविरुद्ध दोन तक्रारी झाल्या होत्या. तिसरी आली की काम बंद, असं कंपनीने बजावलं होतं. म्हणून घाईघाईत त्याने मला कढत पाण्यात बुडवलं, खसाखसा घासलं आणि केस वाळवायच्या यंत्राने वाळवलं. मित्रांनो, लाकूड असं वाळत नसतं. तासाभरात माझ्या पाठीत केसाएवढी चीर पडली. त्याला ती दिसली नाही.

दुसऱ्या दिवशी अकराच्या उन्हात सात पाहुणे दारात आले. आधीच वैतागलेले होते. बाजार सुट्टीमुळे बंद, पुढचं ठिकाणही बंद, आणि मग अगरबत्तीच्या दुकानात पाऊण तास. एक जण सारखं घड्याळ बघत होता. टोपीवाल्या बाईंनी काहीतरी विचारलं, तर रविकिरण उगाच जास्त हसला.

"आत्ते, सुम्मने, उगाच आपले दोन ठोके दे, बस्स," तो हळूच म्हणाला.

पुष्पावतीबाईंनी मला उचललं आणि जुन्या सवयीने बोटाच्या पेराने पाठीवर वाजवून पाहिलं. आवाज बद्द आला. त्यांचा अंगठा चिरेवर थांबला.

"रवी, कशानं धुतलास ह्याला?"

"गरम पाण्यानं. का?"

"का म्हणे. जावई आलाय काय घरी, कढत पाणी काढायला?"

"शिव्या नंतर दे, आत्ते. ते बघतायत."

"ठोकला तर दोन तुकडे होतील."

"होऊ देत. इथं माझं काम जातंय."

टोपीवाल्या बाईंनी विचारलं, काय झालं? रविकिरणने इंग्रजीत सांगितलं की आत्या जरा दमल्या आहेत.

"दमले म्हणालास काय? तेवढं इंग्लिश मला ब्लाउज शिवताशिवता कळतं," पुष्पावतीबाई म्हणाल्या आणि मला त्याच्या हातात दिलं. "घे. तूही ह्याच घरातला. तूच ठोक."

त्याने मला आदल्या दिवशी आणून ठेवलेल्या रंगात टेकवलं, कापडावर ठेवलं. मूठ वर गेली. समोर सात फोन वर झाले. तीस वर्षं मी एका ठोक्याची वाट पाहिली होती, आणि आता तोच नको म्हणत होतो. पण मला कुठे तोंड आहे? मूठ तशीच हवेत. दुसऱ्या हाताचा अंगठा माझ्या पाठीवर होता. चिरेतून रंग वर येऊन त्याला लागला. त्याने अंगठ्याकडे पाहिलं.

मग मूठ उघडली आणि हात हळूच माझ्या शेजारी टेबलावर टेकला.

"ह्या घरात तीस वर्षं छपाई होत नाही," तो पाहुण्यांना म्हणाला. "मी खोटं सांगितलं. हा ठसासुद्धा काल मीच बिघडवला."

"मग आम्ही इथं काय बघायला आलो?" टोपीवाल्या बाईंनी विचारलं.

पाहुणे निघून गेले. जाताना दोघांनी तेवढे हात जोडले. संध्याकाळच्या आत तिसरी तक्रार पोहोचली आणि रविकिरणचं काम गेलं.

दोन दिवस तो ह्या घराकडे फिरकला नाही. आज सकाळी आला, स्टूल ओढून बसला आणि मला मांडीवर घेऊन म्हणाला, "आत्ते, ह्याला धुवायचं कसं असतं?"

शिवणयंत्र थांबलं. इतक्या वर्षांत हे पुष्पावतीबाईंना कुणी विचारलं नव्हतं. त्या सांगत राहिल्या, चुलीवरचा भात लागल्याचा वास येईपर्यंत.

मित्रांनो, माझी चीर आता बुजायची नाही. पण तुमच्याही घरात एखादं जुनं हत्यार कुठेतरी पडलेलं असेल. ते पाहुण्यांपुढे मांडण्याआधी, ज्या हातांनी ते वापरलं त्यांच्याजवळ जाऊन बसा. ते हात घरात आहेत, तोवर विचारून घ्या.