ठमीचं पहिलं वाक्य

जगाच्या पोरांना बोलतं करणारी बाई, आणि तिचीच लेक तिसरं वर्ष सरत आलं तरी तोंड उघडेना! तिच्या वाचा-उपचार केंद्रात येणारे पालक तोंडावर काही म्हणत नसत. सासूबाईंना तेवढी भीड नव्हती. "बाहेर वाटतेस ते थोडं घरातही वाढ की गं," त्या म्हणत.

ठमीला ऐकू यायचं, समजायचं, हसूही भरपूर यायचं. बोलण्याचं तेवढं नाव नाही. आईने खेळणी घट्ट झाकणांच्या पारदर्शक डब्यांत ठेवली, म्हणजे पोरीला निदान मागावं तरी लागेल. ठमी डबा आणून तिच्या मांडीवर आपटायची, की झालं काम. शेवटी आईने नवऱ्यालाही कामाला लावलं. पोरगी जिकडे बघेल त्याचं नाव घे, तेच ते पुन्हा पुन्हा बोल, आणि प्रश्न मुळीच विचारू नकोस; प्रश्नांनी मुलं मिटतात. नवरा तसा घुमा. पण या एका बाबतीत त्याने बायकोचं अगदी मनापासून ऐकलं.

शनिवारी तिचं केंद्र दिवसभर चालू असायचं, म्हणून बापलेक बागेत जात. एका शनिवारी संध्याकाळी ठमी घरी आली ती "मासा, मासा" करतच. आईला रडूच फुटलं. रोज रात्री दाखवलेल्या चित्रांच्या पुस्तकाला फळ आलं, असं तिने केंद्रात दहा जणांना सांगितलं. पुढच्या खेपेला आला "जिना". मग "मनी". मग "कुलूप". आता मात्र ती जराशी अडखळली. घर तळमजल्यावर, केंद्रही तळमजल्यावर.

"बागेत कुठला रे जिना?"

"घसरगुंडीचा असेल."

"आणि मासे?"

"तळं आहे की. तू कधी आलीस तर दिसेल ना!"

उत्तरं कशी तयार होती! पोरगी बोलत होती, आणि ते बोलणं आईला इतकं हवं होतं की ते येतंय कुठून, हे बघायची तिची छाती झाली नाही. त्याबद्दल तिला पुढे स्वतःचाच संताप आला.

नंतरच्या शनिवारी रात्री ती ठमीचे केस विंचरत होती. ठमीने वळून आईच्या वेणीला हात लावला आणि नाराजीने मान हलवली. "मावशी," ती म्हणाली, "ओले केस."

आईला बहीण नव्हती. शेजारीपाजारी ठमीला कुणाची मावशी म्हणून ओळख करून दिलेली नव्हती. आणि बागेत कोणती बाई ओल्या केसांनी बसते? फणी हातात तशीच राहिली. स्वयंपाकघरात नवरा भांडी विसळत होता, शीळ घालत. अलीकडे तो शीळ घालायला लागला होता, हेही तिला आत्ताच जाणवलं.

तिने ठमीला मांडीवर ओढलं आणि जे आजवर एकाही पालकाला करू दिलं नव्हतं ते केलं.

"मावशी कुठे राहते? मासे तिचे का? बाबा तिथे काय करतात? सांग ना गं!"

ठमीने आईच्या ओठांवर बोट ठेवलं. मग एकेक शब्द नीट जुळवत, एकही अक्षर न गाळता ती म्हणाली, "आईला सांगायचं नाही."

आणि शाबासकीसाठी आईकडे बघत राहिली.

या वयाच्या पोराच्या तोंडात असं अख्खं वाक्य बसायला ते किती वेळा कानावर पडावं लागतं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? एकदा घाबरून म्हटलेलं असं बसत नाही. ते सावकाश, प्रेमाने, दर शनिवारी म्हणावं लागतं.

"काय म्हणतेय गं?" आतून नवऱ्याने विचारलं.

"वाक्य बोलली. पूर्ण."

"काय सांगतेस!" ओले हात पुसत, हसतच तो बाहेर आला. ठमीने बाबांनाही ते म्हणून दाखवलं.