हाकेच्या अंतरावर

"मग, ठरलं का?"

रोज संध्याकाळी फोन आला की बायकोचा पहिला प्रश्न हाच. सुरुवातीला ती आधी "जेवलात का?" असं विचारायची. सात महिन्यांत तो प्रश्न मागे पडला होता, आणि त्याबद्दल तिला बोल लावण्यात अर्थ नव्हता. नऊ वर्षांची मुलगी, सत्तरीची सासू आणि अर्धं सामान खोक्यांत भरून ठेवलेलं घर. बिचारी वाट तरी किती बघणार?

"या रविवारी नक्की ठरवतो," तो म्हणायचा.

वाचकहो, ज्यांनी बायकामुलांसह महागड्या शहरात बिऱ्हाड हलवलं आहे, त्यांना हे दुखणं नव्याने सांगायला नको. नोकरी एका पत्राने मिळते. राहायचं कुठल्या उपनगरात, हे ठरवताना मात्र तोंडाला फेस येतो. आपला हा गृहस्थ लिफ्ट दुरुस्त करणारा. त्याच्या गावात सगळ्या मिळून लिफ्ट अकरा, त्यातल्या दोन कायमच्या बंद. कंपनीने बढती देऊन त्याला शहरात धाडलं. आधी त्याने एकट्याने जायचं, घर बघायचं, मग सगळ्यांना न्यायचं, असं ठरलं होतं.

तोवर त्याने एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर खोली घेतली होती. एक खाट, एक खुर्ची, एक खिडकी. जेवण तो उभ्यानेच उरकायचा, कारण खुर्चीवर बसलं की समोर कोणी नाही हे फार जाणवायचं. दिवसभर शेकडो माणसं त्याच्या अंगावरून ये-जा करायची, पण त्याच्याशी बोलायची ती एकच वाक्य: "अजून किती वेळ लागेल?" मध्ये एकदा तो तीन दिवस तापाने फणफणला. फोनवर त्याने "जरा सर्दी आहे" म्हणून वेळ मारून नेली. चौथ्या दिवशी कामावर गेला तेव्हा साहेब म्हणाले, "सांगून जात जा सुट्टीवर." पलीकडच्या खोलीत कोण राहतं हे त्याला माहीत नव्हतं. कधी भांडं पडायचं, कधी रेडिओ लागायचा, एवढीच काय ती ओळख.

एकटा होता हो तो, फार एकटा होता! पण हे त्याने स्वतःलासुद्धा कधी सांगितलं नव्हतं.

रविवारी तो वही घेऊन उपनगरं बघत हिंडायचा. वहीत रकाने आखलेले होते: शाळा, दवाखाना, बस, पाणी, आवाज. आवाज नसेल तिथे दहापैकी दहा. आईने फोनवर सांगितलं, "अजून एक रकाना घाल. शेजार." त्याने आईचं मन मोडायचं नाही म्हणून तो रकाना घातला आणि ज्या उपनगरावर त्याचं मन बसलं होतं, त्याच्यापुढे लिहिलं, 'त्रास नाही'.

ते उपनगर टेकडीवर होतं. रुंद रस्ते, कापलेलं गवत, आणि दारं अशी की लागली तरी आवाज होत नसे. एजंटाच्या माहितीपत्रकावर छापलं होतं, 'शाळा, बाजार, दवाखाना, सारं हाकेच्या अंतरावर!' भाडं एवढं की पगारातला मोठा लचका जाणार, आणि खोल्या एवढ्याशा की अंथरूण पाहून पाय पसरायचे म्हटलं तर अंथरूण घालायलाच जागा नव्हती. पण पत्ता टेकडीवरचा!

कामावरचा जोडीदार त्याला कितीदा म्हणाला होता, "अरे, आमच्याकडे रुळांपलीकडे एकदा येऊन तर बघ. इमारती जुन्या आहेत, पण परवडतं."

"तिकडे सगळे आपल्यासारखेच राहतात," तो म्हणाला होता. "आपल्यासारख्यांतच राहायचं तर एवढ्या लांब कशाला आलो?"

जोडीदार नुसता हसला. स्वतःच्या जातकुळीच्या कष्टकऱ्याला माणूस इतक्या सहज नाक मुरडतो, आणि त्याचं त्यालाच कळत नाही!

टेकडीवरच्या इमारतींतल्या लिफ्टची देखभाल त्याच्याकडेच होती. एके दिवशी तिथल्या एका इमारतीच्या सेक्रेटरींनी त्याला गाठलं. लिफ्टमधली धोक्याची घंटी फार कर्कश वाजते, मुलं उगाच दाबतात, दुपारची झोपमोड होते, अशी रहिवाशांची तक्रार होती.

"घंटी बंद करता येणार नाही साहेब. नियम आहे."

"बंद कोण करा म्हणतंय? जरा हळू करा. तुम्ही इथे घर बघताय ना? मी एजंटाला सांगेन, आपला माणूस आहे म्हणून."

'आपला माणूस'! एवढ्या दोन शब्दांसाठी तो सात महिने भुकेला होता. त्याने लिफ्टच्या टपावर चढून घंटीचा टोला आणि वाटी यांच्यामध्ये नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, एक जाड चिंधी बसवली. बटण दाबून बघितलं. भिंतीवर कोणी बोट आपटावं तेवढाच आवाज आला. सेक्रेटरी खूश झाले. वहीतल्या 'आवाज' या रकान्यात दहापैकी दहा पडले.

पुढच्याच आठवड्यात त्याने घरच्यांना दोन दिवसांसाठी बोलावून घेतलं. घर बघा, हो म्हणा, की झालं.

घर पाचव्या मजल्यावर, त्याच इमारतीत. एजंट किल्ली घेऊन वर गेला होता. आई मात्र खाली बागेतल्या बाकाकडे वळली. "तुम्ही व्हा पुढे. मी जरा इथल्या माणसांशी बोलून येते." आईने तीस वर्षं दवाखान्यात आयाचं काम केलं होतं. अनोळखी माणसाशी बोलायला तिला निमित्त लागत नसे. पिशवी आणि फोन तिने सुनेकडे दिले.

वर एजंट खिडक्या उघडून दाखवत होता. बायकोने स्वयंपाकघरात उभं राहून दोन्ही हात पसरले, तर दोन्ही भिंतींना लागले. पंधरा मिनिटं झाली, पंचवीस झाली.

"आई गप्पांत रमली असेल," तो म्हणाला.

"कोणाशी?" बायको खिडकीतून खाली बघत म्हणाली. "बागेत तर चिटपाखरू नाही."

मुलगी आजीला बघायला जिन्याने खाली पळाली आणि धापा टाकत परत आली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"बाबा, आजी भिंतीत आहे!"

"काय बडबडतेस?"

"तिसऱ्या मजल्यावर. भिंतीतून तिचा आवाज येतोय!"

आई लिफ्टमध्ये अडकली आहे, हे त्याच्या लगेच ध्यानात आलं. तो वर मशीनच्या खोलीकडे धावला. मेन स्विच पाडला, ब्रेक सोडला आणि चाक हाताने फिरवत लिफ्ट इंच इंच खाली आणली. ही कामं त्याने आयुष्यात शेकडो वेळा केली होती. आज चाकाचे फेरे मोजायचंही भान राहिलं नाही. मग तिसऱ्या मजल्यावर येऊन त्रिकोणी किल्लीने दार उघडलं.

आई कोपऱ्यात जमिनीवर बसली होती. घामाने डबडबलेली, घसा बसलेला. एक बोट अजून घंटीच्या बटणावर होतं.

"घंटी वाजवत होते रे मी," ती म्हणाली. "बागेत कोणी नव्हतं म्हणून वर निघाले, तर ही मध्येच अडकली. कधीची वाजवतेय."

त्याने तिला आधार देऊन बाहेर आणलं.

"कोणी आलंच नाही का?" सुनेने तिला पाणी पाजत विचारलं.

"आला की एक जण. पावलं थांबली. म्हणाला, कंपनीचा नंबर आत लिहिलाय, फोन करा. मी म्हटलं, बाबा, फोन नाही माझ्याकडे. तोवर पावलं गेलीसुद्धा."

समोरचं दार थोडं उघडलं. एक बाई बाहेर आल्या, ओशाळलेल्या. "मला ऐकू आलं होतं हो काहीतरी. वाटलं, कोणाचा तरी टीव्ही असेल. इथे कोणी कोणाच्या मध्ये पडत नाही ना... चुकलंच माझं."

"ती घंटी बिघडलीये बघ," आई मुलाला म्हणाली. "तुझ्या कंपनीला कळव. वाजतच नाही."

"बिघडलेली नाही आई." तो भिंतीकडे तोंड करून बोलला. "मी चिंधी कोंबलीये तिच्यात. लोकांना आवाज नको होता."

जिन्यात अगदी शांतता पसरली. त्याला हवी होती ना, तशीच.

आईने त्याच्याकडे बघितलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. "तीस वर्षं मी वॉर्डात घंटीला धावले," ती हळू आवाजात म्हणाली. "घंटीचा त्रास होतो, असं कधी मनात आलं नाही. घंटी वाजली म्हणजे माणूस जिवंत आहे आणि त्याला दुसरा माणूस हवाय. आज पहिल्यांदा मी वाजवत होते, आणि माझ्याच लेकाने..."

तो लिफ्टच्या टपावर चढला. चिंधी उपटून खिशात घातली आणि आत येऊन बटण दाबलं. घंटी अशी खणखणली की वरच्या मजल्यावरून कोणीतरी ओरडलं, "अहो, बंद करा ते!"

खाली उतरल्यावर एजंटाने माहितीपत्रक पुढे केलं. "आजी, एखाद्या वेळी होतं असं. बाकी बघा ना, सारं हाकेच्या अंतरावर आहे."

"हाकेचं अंतर पावलांनी नाही मोजत बाळा," आई म्हणाली. "हाक मारल्यावर जिथून ओ येते ते हाकेचं अंतर. मी आत्ताच मोजून आलेय." मग ती मुलाकडे वळली. "मी ठणठणीत आहे. ते रुळांपलीकडचं काय म्हणत होतास फोनवर? ते दाखव."

जोडीदाराला फोन केला तर तो स्वतः घ्यायला आला. चार मजली जुनी इमारत, जाळीच्या दाराची लिफ्ट, जिन्यात वाळत घातलेले कपडे, कोणाचं तरी बाळ रडतंय, कोणीतरी हातोडी ठोकतंय. बायकोने नाक मुरडायच्या आत आईने एक उद्योग केला. ती सरळ लिफ्टमध्ये शिरली आणि दार उघडं असतानाच तिने धोक्याची घंटी दाबली.

"आई, अहो काय करताय!" सून ओरडली.

काय झालं माहीत आहे? दारं उघडली. एक नाही, दोन नाही, सात! "कोण अडकलंय?" "किती नंबरवर?" एक जण तर हातात पाना घेऊनच धावत आला, तोंडाला दाढीचा साबण तसाच. खोटी घंटी कळल्यावर दोघांनी आईला चांगलंच फैलावर घेतलं. आई मान खाली घालून ऐकत होती आणि गालातल्या गालात हसत होती.

संध्याकाळी चौघं त्याच्या खोलीवर आली. आईला खुर्ची दिली, मायलेकी खाटेवर बसल्या. तो नेहमीच्या सवयीने उभा राहिला.

"बस की," आई म्हणाली.

"खुर्ची एकच आहे."

"मग शेजारून माग. शेजारी कोण राहतं?"

खोटं बोलायचं त्राण आज त्याच्यात उरलं नव्हतं. "माहीत नाही आई. सात महिन्यांत एकदाही विचारलं नाही. ताप आला तेव्हासुद्धा नाही. सर्दी नव्हती ती. तीन दिवस उठता येत नव्हतं." बायको उठून त्याच्याजवळ गेली, पण आईने दाराकडे बोट दाखवलं. "जा. माग खुर्ची."

एक साधं दार ठोठावायला त्याला केवढा धीर गोळा करावा लागला! दार उघडलं. छापखान्यातून निवृत्त झालेले एक म्हातारे गृहस्थ समोर उभे होते, चष्मा कपाळावर.

"मी पलीकडे राहतो. आमच्याकडे घरची मंडळी आलीयेत. एक खुर्ची मिळेल का?"

म्हातारबुवा त्याच्याकडे बघतच राहिले. "तुम्ही आजारी होता ना मध्ये? तीन दिवस भिंतीतून कण्हणं ऐकू येत होतं. दोनदा तुमच्या दारापर्यंत आलो मी. हात वर केला आणि परत फिरलो. म्हटलं, लोकांना आवडत नाही हल्ली..." त्यांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला. "माझ्याकडेही कित्येक महिन्यांत कोणी आलं नाही. याल तुम्ही, असं वाटायचं कधी कधी."

त्याचा हात खिशात गेला. ती चिंधी अजून तिथेच होती. टेकडीवरच्या घंटीत त्याने ती कोंबली त्याला आठवडाच झाला होता; स्वतःच्या दारात मात्र तो ती पहिल्या दिवसापासून घेऊन उभा होता.

"खुर्ची घेऊन तुम्हीच या ना," तो म्हणाला. "आई विचारतेय, शेजारी कोण राहतं म्हणून."

वाचकहो, पुढच्याच महिन्यात ते कुटुंब रुळांपलीकडे राहायला गेलं. ते उपनगर स्वर्ग नव्हे. पाणी अधूनमधून जातं, आणि आवाज तर विचारूच नका. टेकडीवरची सगळी माणसं वाईट आणि रुळांपलीकडची सगळी देव, असंही नाही. त्या बाईंनी चूक कबूल केली, ती टेकडीवरच केली. सांगायचं आहे ते एवढंच. घर बघायला जातो तेव्हा आपण नळ सोडून बघतो, भिंत ठोकून बघतो, पत्त्याचा रुबाब बघतो. शेजारचं दार तेवढं ठोठावून बघत नाही, आणि मग तेच दार आयुष्यभर बंद असल्याची तक्रार करतो! शेजार हा काही भाड्यात मिळत नाही. शेजारी आधी आपल्याला व्हावं लागतं.

नव्या घरात रोज संध्याकाळी सव्वासातला एक म्हातारबुवा दोन बस बदलून गप्पा मारायला येतात. जिन्यात पाय ठेवला की ते खालूनच हाक मारतात. आणि चौघांपैकी ज्याला आधी ऐकू येईल, तो वरून ओ देतो.