हलवता येईल असे घर

मित्रांनो, मी एक जुने घर आहे. वयाने म्हणाल तर फार नाही, सात-आठ वर्षांचे असेन. पण राहायला कोणी नसले की घर लवकर म्हातारे होते, तसे माझे झाले. माझ्या आयुष्यातली बरीच वर्षे मी कोंडलेले होते. तुम्ही म्हणाल, घरात माणसे कोंडली जातात, घर कसे कोंडले जाईल? मलाही आधी ठाऊक नव्हते. ऐका तर मग.

माझा जन्म वास्तुकला शिकवणाऱ्या एका महाविद्यालयाच्या कार्यशाळेत झाला. तिथले सर एक दिवस वर्गात आले आणि फळ्यावर एकच ओळ लिहून खुर्चीत बसले. 'हलवता येईल असे घर.' म्हणजे भिंती, जमीन, छप्पर सगळे सुटे सुटे तयार करायचे, जागेवर नेऊन नटबोल्टांनी जोडायचे, आणि उद्या दुसरीकडे जायची वेळ आली तर पुन्हा खोलून न्यायचे. घर पाहावे बांधून, असे म्हणतात. या पोरांना ते बांधूनही पाहायचे होते आणि सोडवूनही पाहायचे होते.

"आणि कागदावरचा माणूस मला चालणार नाही," सर म्हणाले. "ज्याला खरंच घर नाही असा माणूस शोधा. घर त्याच्याच मापाचं झालं पाहिजे."

तो माणूस शोधायला लांब जावे लागले नाही. महाविद्यालयाच्या कुंपणाला लागून, रस्त्याच्या बाजूला, एक काकू शिलाई मशीन घेऊन बसायच्या. पोरांच्या पँटी आखूड करायच्या, उसवलेल्या बॅगा शिवून द्यायच्या. दातांत दोरा धरूनही त्या स्पष्ट बोलायच्या, आणि बोलायच्या ते बरोबर झोंबायचे. शहराच्या टोकाला लाकडाच्या वखारीमागे त्यांच्या वडिलांनी त्यांच्यासाठी ठेवलेली चिंधीएवढी जागा होती. वर आभाळ, खाली गवत. राहायला मात्र त्या भावाकडे होत्या. तिथे स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांच्या मधल्या बोळात त्यांचे अंथरूण पडायचे.

वर्गातल्या एका मुलीला सगळे फुटपट्टी म्हणत, कारण ती माणसाशी बोलतानासुद्धा त्याची उंची मनात मोजत असे. ती काकूंसमोर जाऊन बसली.

"काकू, घरात तुम्हाला काय काय हवं?"

"दार," काकू म्हणाल्या.

"दार तर असणारच हो! ते सोडून सांगा."

"तुझ्या घरी असणारच. माझ्या बोळाला नाही. आंघोळीला जाणारा माझ्या उशीवरून जातो, पाणी प्यायला उठलेला पायावरून जातो. माझी भावजय वाईट नाही गं. पण मी तिथे आहे की नाही, हे बघायची तिला कधी गरजच पडत नाही. मला दार दे. आतून लावता येईल असं. बाकी तुम्हाला हवी ती कलाकुसर करा."

दुसऱ्या दिवशी फुटपट्टीने कागदावर सगळ्यात आधी माझे दार काढले, आणि मग दाराभोवती मला काढले.

माझी हाडे लाकडी चौकटींची. दोन्ही अंगांनी प्लायवूड आणि पोटात ऊन अडवणारा जाड थर. प्रत्येक भिंतीवर रंगाने आकडा घातलेला, म्हणजे जोडताना गोंधळ नको. फुटपट्टीच्या जोडीला डुलकी नावाचा मुलगा होता. तो वर्गात, बसमध्ये, जेवताना, कुठेही पेंगायचा. पण करवत हातात आली की टक्क जागा. काकू मशीनवर बसतात तेव्हा उजेड त्यांच्या हातांवर पडावा, म्हणून माझी खिडकी नेहमीपेक्षा बरीच खाली घेतली. त्यासाठी फुटपट्टी स्वतः स्टुलावर वाकून बसली आणि डुलकीने तिच्या नाकासमोर खडूची रेघ मारली. वर्ग हसून लोळला. इतक्या प्रेमाने कोणी कोणाला बेतले असेल असे मला वाटत नाही.

कार्यशाळेबाहेरच्या आवारात, काकूंच्या मशीनजवळच्या कुंपणाशी त्यांनी मला उभे केले. मग खोलले. मग पुन्हा उभे केले. काकू गळ्यात टेप अडकवून बघायला आल्या आणि म्हणाल्या, "चला, उसवून शिवता येतंय म्हणजे काम पक्कं." त्या दिवशी मी जगातले सर्वांत सुखी घर होते.

आणि इथेच माशी शिंकली. पोरांनी मला एका मोठ्या स्पर्धेत उतरवले. परीक्षक येणार होते, आणि त्यांच्यातल्या एकाची ख्याती अशी की ते भिंतीला तळहात लावून जोरात ढकलून बघतात. आता, जे घर खोलायचे आहे त्याच्या सांध्यांत थोडी ढिलाई ठेवावीच लागते. डुलकीने गंमत म्हणून मला ढकलले. मी खडखडले.

"अगं, हे हलतंय!" तो म्हणाला.

फुटपट्टीचा चेहरा उतरला. घर हलवता आले पाहिजे, पण हलता कामा नये. एका अक्षराचा फरक, आणि त्या फरकाने पोरीची झोप उडवली. दोघांनी लाकूड चिकटवायचा जालीम गोंद आणला आणि माझ्या प्रत्येक सांध्यात ठासून भरला. बोल्ट वरून तसेच ठेवले, दिसायला. मी ओरडून सांगणार होते की अरे, माझे हातपाय बांधताय तुम्ही. पण घराला तोंड असते ते फक्त माणसांनी आत-बाहेर करायला.

परीक्षकांनी मला ढकलले. मी ढिम्म. "वा! जागचं हलत नाही!" ते म्हणाले, आणि मला पहिले बक्षीस मिळाले. दर्शनी भिंतीवर पितळी पाटी लागली. खोटे कशाला बोलू, मला गर्व झाला. पोरांनी एकमेकांना खांद्यावर घेतले, आणि आनंदाच्या भरात गोंदाची गोष्ट दोघेही साफ विसरून गेले.

मग प्राचार्य आले. माणूस गोड बोलणारा. "काकू, घर तुमचंच आहे हो. फक्त चार पाहुणे येऊन बघून जाऊ देत." काकू बरं म्हणाल्या. चार पाहुणे आले, मग चाळीस आले. माझ्या दाराला बाहेरून कुलूप लागले, भोवती दोरी आली, दोरीला 'हात लावू नये' अशी पाटी आली. काकू विचारायला गेल्या की उत्तर ठरलेले : पुढच्या महिन्यात बघू. फुटपट्टी आणि डुलकी शिकून बाहेर पडले, दूरच्या शहरांत नोकरीला लागले. घर काकूंना मिळाले असणार, असे ते धरून चालले. प्रत्येकाला वाटते ते काम दुसऱ्याने केले असेल.

मित्रांनो, कौतुकाचा तुरुंग फार वाईट. शिव्या देणाऱ्याशी भांडता तरी येते. पाहुणे दोरीपलीकडून माझे फोटो काढत. एक विद्वान गृहस्थ म्हणाले, "ही खाली घेतलेली खिडकी माणसाला नम्रता शिकवते." मग दोरीवरून आत डोकावायला वाकले आणि त्यांचे कपाळ माझ्या चौकटीवर आपटले. नम्रता लगेच शिकले असावेत. त्या खिडकीमागे एक बाई बसून बाही जोडणार होती, हे सांगायला तिथे कोणीच नव्हते.

आत काहीच घडत नसे. फोडणीचा वास नाही, ओल्या टॉवेलचा ओघळ नाही, कोणी कोणावर चिडून भांडे आपटणे नाही. उन्हाने माझे प्लायवूड फुगले, बिजागऱ्या गंजल्या. कोपऱ्यात कोळी राहायला आला. तोही माशी मिळेना म्हणून निघून गेला. आणि कुंपणापलीकडून दिवसभर काकूंच्या मशीनचा आवाज यायचा. जिच्या मापाने मला बेतले ती हाकेच्या अंतरावर, आणि मला हाक मारता येत नाही! संध्याकाळी मशीन बंद झाले की मला कळायचे, आता काकू त्यांच्या बोळाकडे निघाल्या. तेव्हा मला स्वतःच्या रिकाम्या खोलीची लाज वाटायची.

"काकू, तुमचं घर काय म्हणतंय?" पहारेकरी कधी कधी चेष्टेने विचारायचा.

"म्हणतंय काय? तोंडाला कुलूप आहे त्याच्या."

मग एक दिवस कुंपणापलीकडून ओळखीचा आवाज आला. फुटपट्टी काही कामाने शहरात आली होती आणि तिच्या सदऱ्याची बाही उसवली होती.

"काकू, ओळखलंत का मला?"

"खांद्याच्या मापावरून ओळखलं. बस."

"घरात करमतं ना आता?"

"कुणाच्या?" काकूंनी विचारले.

मशीन थांबले. मग फुटपट्टी फाटक्या बाहीनिशी तडक प्राचार्यांकडे गेली. तिथे काय झाले ते मला ऐकू आले नाही, पण बाहेर येताना प्राचार्य घाम पुसत होते. "न्या," ते म्हणाले, "पण पाटीची भिंत इथेच राहील. बक्षीस महाविद्यालयाचं आहे."

डुलकीला बोलावणे गेले. ट्रक आला. काकू आपली एकुलती ट्रंक घेऊनच आल्या, इतकी त्यांना खात्री. दोघांनी एकेक बोल्ट काढला. मला वाटले, सुटले! त्यांनी भिंतीला हात घालून उचलले, आणि मी हललेच नाही. पहार लावली, तरी नाही.

"गोंद," डुलकी हळूच म्हणाला.

फुटपट्टी मटकन पायरीवर बसली. तिच्या कचेरीत टेबलामागे माझाच फोटो लावलेला होता, हे तिने डुलकीला सांगताना मी ऐकले होते. तिच्या हातून घडलेली सगळ्यात चांगली गोष्ट मी होते. आता मला सोडवायचे म्हणजे फाडायचे.

"बघा, घरालाच जायचं नाही," प्राचार्य म्हणाले. इतका राग मला जन्मात आला नव्हता.

"राहू दे बाळा," काकू ट्रंकेची कडी धरून म्हणाल्या. "माझ्यापायी बक्षिसाचं घर नको मोडूस. मला सवय आहे बोळाची."

ते ऐकले मात्र, फुटपट्टी उठली. "मला तुमची सवय मोडायची आहे, काकू," ती म्हणाली आणि डुलकीच्या हातातून करवत घेतली. तिने माप घेतले नाही, रेघ मारली नाही, सरळ माझ्या कोपऱ्यात पाते घातले. दुखले. खूप दुखले. प्लायवूडच्या ढलप्या उडाल्या, छपराचा एक तुकडा दुभंगला, आणि ती पोर रडत रडत कापत राहिली. मी मनात एकच म्हणत होते, थांबू नकोस.

आता मी वखारीमागे उभे आहे. माझ्या तीनच भिंती आल्या, पण दार आणि खिडकी त्यांतच होती. चौथी डुलकीने जुन्या दारांची जोडून केली आहे. कोपरे ओबडधोबड आहेत, त्यांवर पट्ट्या ठोकल्या आहेत, फटींत काकूंनी कापडाच्या चिंध्या कोंबल्या आहेत. पाऊस तिरका आला की एका बाजूने गळते, खाली बादली लागते. माझा फोटो काढायला कोणी येत नाही.

परवा दुपारी काकूंची भावजय आली. सवयीने ती थेट आत शिरायला निघाली, आणि दाराने तिला अडवले. तिने पुन्हा ढकलले. मग बोट वाकवून तिने टकटक केली. काकूंनी तिला येताना पाहिले होते, त्यामुळे ती कोण हे त्यांना चांगले ठाऊक होते. तरी त्यांनी मशीन थांबवले, तोंडातला दोरा काढला आणि जागेवरूनच विचारले, "कोण आहे?"

"ताई, मी."

"मी म्हणजे कोण?"

मग भावजयीने आपले नाव सांगितले आणि हळू आवाजात विचारले, "येऊ का आत?" काकू उठल्या, केस सारखे केले, पदर नीट केला, आणि मगच दार उघडायला गेल्या.

मित्रांनो, घरे जपा, वस्तू जपा, असे तुम्हाला सगळेच सांगतात. मीही सांगते, पण कुलूप लावून जपू नका, वापरून जपा. आणि कोणाच्या दाराशी गेलात, मग ते माणूस अगदी घरातले का असेना, तर आधी टकटक करा आणि आतून 'कोण आहे' ऐकू येईपर्यंत थांबा. त्या दोन शब्दांसाठी मी अंगावर करवत चालवून घेतली आहे.