दत्तोपंतांचे रेझिस्टर

धारच्या उर्वीने गिटारसाठी पायाने दाबायचं पेडल घरीच जुळवलं होतं. दाबलं की गिटारने गुरगुरावं, एवढीच अपेक्षा. ती गुरगुरायची खरी, पण आधी ‘फट्’ व्हायचं आणि मग कढईत पुऱ्या सोडाव्यात तशी चरचर सुरू राहायची. गेल्या वर्षी देवासच्या गणेशोत्सवात त्या ‘फट्’ने निरांजन विझलं, असं मंडळाचे अध्यक्ष तात्यासाहेब सांगतात. वारा त्यांनी विचारात घेतलेला नाही. यंदा त्यांनी बजावलं होतं, “एक फट् झालं, की गिटार खाली आणि अंताक्षरी वर.”

‘फट्’चा बंदोबस्त सोपा निघाला. आतल्या एका कपॅसिटरमध्ये वीज साचायची आणि पेडल दाबताच एकदम उडी मारायची. उर्वीने तिथून ग्राउंडला दहा लाख ओहमचा रेझिस्टर, म्हणजे विजेला अडथळा करणारा तुकडा, जोडला. आता साचलेली वीज त्यातून आधीच गुपचूप निथळून जाऊ लागली.

राहिली चरचर. ती जुन्या कार्बनच्या रेझिस्टरांची होती, आणि ते आजोबांनी, म्हणजे दत्तोपंतांनी, आपल्या बंद रेडिओतून काढून, वर अक्षता टाकून नातीला दिले होते. या घरात वडीलधाऱ्यांनी दिलेलं काढत नाहीत, शेजारी नवं लावतात. बैठकीत तीन घड्याळं आहेत, चालतं ते तिसरं. त्याच रीतीने उर्वीने प्रत्येक जुन्या रेझिस्टरशेजारी तेवढ्याच ओहमचा, मेटल फिल्मचा नवा, शांत रेझिस्टर जोडला. वीज दोघांतून वाटली गेली, अडथळा निम्म्यावर आला, गिटारला सर्दी झाली आणि चरचर जागच्या जागी राहिली.

कार्यक्रम परवावर आला, तेव्हा ती आजोबांसमोर जाऊन बसली.

“आजोबा, एक बात बोलू? गुस्सा नका होऊ.”

“रागावू नका, म्हणावं. बोल.”

“ती चरचर तुमच्या रेझिस्टरांची आहे. सगळे काढावे लागतील.”

दत्तोपंतांनी चष्मा पुसला. ऐकायला चष्मा लागत नाही, पण वेळ मिळतो. “ऐकव पाहू.”

तिने पेडल चालू केलं. ते मान तिरकी करून ऐकत राहिले.

“रेडिओही अस्साच चरचरायचा,” ते म्हणाले. “मी समजत होतो, स्टेशन लांब आहे.”

“इतकी वर्षं?”

“तुझी आजी म्हणायची, रेडिओतच खोट आहे. मी तिला भूगोल समजावत असे.”

“मग काढू?”

“काढ. तिच्या फोटोसमोर बसून काढ. तेवढं तिचं देणं लागतो मी.”

देवासच्या मांडवात उर्वीने पेडलवर पाय ठेवला. पहिल्या रांगेत तात्यासाहेब दोन्ही कानांत बोटं घालून तयार होते. बराच वेळ काही झालं नाही, तेव्हा त्यांनी एक बोट काढलं.

“चालू केलंस का गं?”

“केलं, काका.”

“मग काही ऐकू कसं येत नाही?”

“अजून तार छेडलीच नाही.”

तिने छेडली. गिटार स्वच्छ गुरगुरली. तात्यासाहेबांनी दुसरंही बोट काढलं, थोडा वेळ ऐकलं आणि मागे वळून म्हणाले, “अंताक्षरीवाल्यांना म्हणावं, जेवून घ्या.”