एकादशीचं दळण

खोटं बोलायचं तर निदान नीट बोलावं. एकतीस वर्षं तहसील कचेरीत कारकुनी करून एवढीही अक्कल मला आली नाही, हे दारव्ह्याच्या कोर्टात सगळ्यांसमोर सिद्ध झालं. पण आधी बळीरामचं सांगते, म्हणजे मी खोटं का बोलायला गेले ते कळेल.

बळीराम आमचा शेजारी. आमच्या मागच्या भिंतीला लागून त्याची पिठाची गिरणी. गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का आणि अंगात भरपूर ताकद. तीन वर्षांपूर्वी आमच्या यांना, म्हणजे यज्ञेश्वर पुराणिकांना, अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. तेव्हापासून रोज सकाळी सात वाजता बळीराम येतो, यांना पलंगावरून उचलून न्हाणीघरात स्टुलावर बसवतो, अंघोळ घालतो आणि पुन्हा उचलून खुर्चीत आणून ठेवतो. यांचं वजन अठ्ठ्याहत्तर किलो, माझं पंचेचाळीस. मुलगा स्वानंद पुण्यात असतो. तो उचलतो फक्त फोन, तोही रविवारी.

बळीराम पैसे घेत नाही. एकदा द्यायला गेले तर दुखावला. "साहेबायची सेवा हाये, काकू. तिचे पैसे घेतले तं मंग एकादशी करून काय फायदा?" म्हणाला.

एकादशीचं तर त्याला वेडच. आदल्या दिवशी गिरणीचे दगड उघडून धुवायचा, सकाळी उदबत्ती लावायचा आणि दिवसभर फक्त उपवासाचं दळायचा: भगर, राजगिरा, शिंगाडा. ज्वारी-गहू त्या दिवशी बंद. आणि इतर दिवशी भगर बंद, कारण दगडात आधीच्याचं पसाभर पीठ राहतंच. 'एकादशीस फक्त भगर व उपवासाचे दळण' असा बोर्डच लावला होता. गावातल्या बायका त्याच्या सोवळ्यावर विश्वासून डबे आणायच्या. त्यातली पहिली मी.

हे घडलं ते साल कापसाचं वाईट. भाव पडलेले, जिनिंग बंद, पायलीभर दळण आणणारी घरं शेरावर आलेली. बळीरामची गिरणी निम्मा वेळ मुकी. वरून भारनियमन. दिवसा लाइट दुपारी दीडला यायची ती चारला जायची. बायका आधी येऊन डबे रांगेत लावून जायच्या आणि लाइट आली की परत यायच्या.

कार्तिकातली वद्य एकादशी होती. एक वाजला असेल. गिरणीत मी, बळीराम आणि रांगेतले आठ-दहा डबे. माझा राजगिऱ्याचा पहिला. घरी यांच्याजवळ कामवाली होती म्हणून मी जरा टेकले होते.

तेवढ्यात पंचशीला आली. जिनिंगमध्ये कामाला होता त्या भीमराजची बायको. भीमराजचा जातीचा दाखला माझ्याच हातचा. हजारभर दाखले लिहिले असतील मी, पण त्यांतली माणसं कधी माझ्या डब्याशेजारी उभी राहिली नव्हती. तिच्या हातात लहानसा स्टीलचा डबा. रांगेची रीत तिला ठाऊक नव्हती की घाई होती, कोण जाणे. तिने तो माझ्या डब्याला लागूनच ठेवला.

"भगर हाये दादा," ती म्हणाली. "सासूले कावीळ झालती. डॉक्टरनं हलकं द्याले सांगतलं. तिले भगरीची भाकर जाते."

आणि माझा हात पुढे गेला. मी माझा डबा वीतभर बाजूला ओढला. ठरवून नाही. उपवासाला शिवाशिव नको, हे आईने लहानपणी हातावर फटके देऊन शिकवलेलं, आणि हाताने ते बरोब्बर लक्षात ठेवलं होतं. कोणी पाहिलं नाही, असं मला वाटलं. बळीराम तर पट्ट्याकडे बघत होता.

तो सरळ झाला आणि म्हणाला, "हे नाही होत, वहिनी."

"काहून? बोर्डावर भगर लिवलेली हाये."

"उपासाची लिवली हाये. तुमी तं देव मानत नाही. मंग एकादशीचं दळण तुमाले कायले?"

"भगर देवाची हाये का? दुकानातून पैसे देऊन आणली म्या. दळाचेही पैसे देऊन राह्यली."

"पैशाची गोष्ट नाही. दगड धुतो तो मी देवासाठी." मग त्याचा आवाज खाली आला. "आन् तुमच्या मागून कोण दळन इथं? उद्या बाया गिरणीत पाय नाही ठेवणार."

पंचशीलाने माझ्याकडे पाहिलं. "बाई, तुमी तरी सांगा ना याइले."

आणि मी काय म्हणाले? "अगं, आज गर्दी आहे. उद्या बघू." उद्या तिथे भगर दळली जात नाही, हे त्या गिरणीत मला जेवढं ठाऊक होतं तेवढं कुणालाच नव्हतं. लाज तेव्हाच वाटली. पण लाज वाटून मी काही केलं नाही.

तिने डबा उचलला आणि ती तडक पोलीस ठाण्यात गेली.

नागरी हक्क संरक्षण कायद्याखाली गुन्हा दाखल झाला. साक्षीदार एकच, सौ. रजनी पुराणिक. पोलीस घरी आले तेव्हा मी त्यांना चहा दिला आणि जबाबात एवढंच लिहून दिलं, की एकच्या सुमारास मी तिथे होते आणि काही बोलणं झालं. बाकीचं कोर्टात सांगेन म्हटलं. कचेरीतली सवय, फाइल पुढच्या टेबलावर ढकलायची.

सात महिन्यांनी समन्स आलं. त्याच संध्याकाळी बळीरामचा वकील मंदार आला. मंदार यवतमाळचा, रोज येऊन-जाऊन करणारा, माझ्या मावसबहिणीचा मुलगा. सरकारी साक्षीदाराच्या घरी त्याने यायलाच नको होतं, आणि हे त्यालाही ठाऊक होतं. म्हणून चपला बाहेर न काढता आत आणून काढल्या.

"मावशी, केस दोन वाक्यांवर आहे," तो म्हणाला. "देव मानत नाही म्हणून दळत नाही, हा झाला धर्म. दगड धुणं, बोर्ड, सगळं आपल्या बाजूने आहे. त्यावर मी भांडू शकतो. पण 'तुमच्या मागून कोण दळेल' असंही तो म्हणाला, असं बाईंच्या तक्रारीत आहे. ते सिद्ध झालं तर धर्म संपला, ती शिवाशिव झाली. कमीत कमी एक महिना तुरुंग. गिरणीचं लायसनही जाऊ शकतं."

"मग मी काय करू?"

"गिरणीच्या आवाजात काही ऐकू आलं नाही, म्हणा. गिरणीत आवाज असतोच की!"

भिंतीपलीकडे गिरणी धडधडत होती. मला ते अगदी खरं वाटलं.

साक्षीच्या दिवशी बळीराम सातऐवजी साडेसहालाच आला. धुतलेलं धोतर, नवा शर्ट. यांना उचलण्याआधी शर्ट काढून खुंटीला लावला. "आज जरा लवकर आलो, काकू. कोर्टात जाचं हाये ना." जसं काही मला ठाऊकच नव्हतं! यांच्या पाठीला साबण लावताना तो हळूहळू अभंग म्हणत होता. हे डोळे मिटून बसले होते. मी दारात टॉवेल घेऊन उभी, आणि मनात म्हणत होते, आज हा आत गेला तर उद्या या माणसाला मी कशी उचलू? पंचशीलाचा विचार आला नाही असं नाही. आला, पण तिला काही उचलायचं नव्हतं.

कोर्टात शपथ घेतली. न्यायाधीश तरुण बाई होत्या, चष्मा नाकावर. आरोपीच्या जागी बळीराम हात जोडून उभा. मागच्या बाकावर पंचशीला आणि भीमराज. सरकारी वकिलांनी विचारलं, "आरोपी आणि फिर्यादी यांच्यात काय बोलणं झालं?"

"गिरणी चालू होती," मी म्हणाले. "आवाजात मला काही ऐकू आलं नाही."

एवढं बोलून मोकळी झाले, असं वाटलं. पण न्यायाधीश बाईंनी पेन खाली ठेवलं.

"किती वाजताची गोष्ट?"

"एकच्या सुमारास."

"मागच्या हिवाळ्यात दारव्ह्यात एकला लाइट असायची?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं. मग आणखी कुणी. पंचशीला बाकावरून उठली. "दीडले येत होती, मॅडम! लाइनच नोती तवा!" शिपायाने तिला खाली बसवलं, पण कोर्टभर माना हलत होत्या. प्रत्येकाला ते वेळापत्रक पाठ होतं. दीडला मोटार लावून टाकी भरायची म्हणून मीसुद्धा रोज घड्याळ बघत बसायचे. मी मंदारकडे पाहिलं. तो कागदांत डोकं घालून बसला होता. यवतमाळला दुपारी लाइट असायची. त्याला काय ठाऊक!

"बाई, तुम्ही शपथेवर आहात," न्यायाधीश म्हणाल्या. "गिरणी कशावर चालू होती?"

आता मागे जायला जागा नव्हती आणि पुढे बळीराम उभा होता.

"बंद होती," मी म्हणाले. "मला सगळं ऐकू आलं."

आणि मी सांगितलं. देव मानत नाही, ते. मागून कोण दळेल, ते. बाया पाय ठेवणार नाहीत, ते. टाइपिस्ट खटाखट टाइप करत होता. बळीराम जमिनीकडे बघत होता. खोटं पकडलं गेल्यावर बाहेर पडलेल्या खऱ्याला केवढं वजन येतं, ते मला त्या दिवशी दिसलं. आधीच खरं सांगितलं असतं तर मंदारने निदान दोन उलटे प्रश्न विचारले असते. आता तो उठलाच नाही.

सगळं सांगून झाल्यावर मी म्हणाले, "त्याच्या आधी मी माझा डबा ओढून घेतला होता. तिच्या डब्याला लागला म्हणून."

टाइपिस्ट थांबून वर बघू लागला.

"ते विचारलेलं नाही," न्यायाधीश म्हणाल्या. त्यांचा आवाज वाईट नव्हता. "आरोपी गिरणीमालक आहे. तुम्ही जाऊ शकता."

बाहेर कडुनिंबाखाली पंचशीला उभी होती. मी टाळून जाणार होते, तर तीच पुढे आली.

"तुमचा हात मी पाह्यला होता, बाई. रिपोर्टात लिवला नाही. लिवला असता तं तुमीबी त्याच्या बाजूले आरोपी म्हून उभ्या राह्यल्या असत्या, मंग साक्ष कोणाची घेतली असती?"

विचारायचं म्हणून मी विचारलं, "सासूबाई कशा आहेत?"

"गेल्या. शिमग्याच्या आधी." मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "भगर नाही भेटली म्हून नाही गेल्या. घाबरू नका." आणि ती भीमराजच्या मागे सायकलवर बसून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेसातपासून मी दाराकडे बघत बसले होते. हेही बघत होते. सातला बळीराम आला. शर्ट खुंटीला लावला, यांना उचललं, अंघोळ घातली, खुर्चीत ठेवलं आणि गेला. एक शब्द नाही. असे बारा दिवस. तो आला नसता तर मला रडता तरी आलं असतं. तो येत होता, आणि मी रोज त्याच्या हातात टॉवेल देत होते.

तेराव्या दिवशी निकाल लागला. एक महिना कैद आणि दंड. मंदारने अपील करायचं म्हणून जामीन मिळवला.

चौदाव्या दिवशी सकाळी यांच्या अंगावर पाण्याचा तांब्या ओतताना बळीराम बोलला.

"काकू, त्या दिवशी तुमी डबा ओढला नसता, तं मी दळून देल्लं असतं."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. पण लाइट नव्हती, गिरणी बंद होती, घरात चिटपाखरू नव्हतं.

"मग हे कोर्टात का नाही सांगितलंस?"

"साहेबायच्या घरचं नाव घेऊन?" तो खरोखरच चकित झाला होता. "मले वाटलं, काकूले चालत नाही. कोणाले काय चालत नाही ते पाहूनच तं गिरणी चालते. देवाचं मी मंग काढलं, तिले वाईट नको वाटाले म्हून."

खरं सांगत होता की स्वतःचं ओझं माझ्या डोक्यावर ठेवत होता, हे मला आजही कळलेलं नाही. विचारणार तरी कुणाला? यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मान भिंतीकडे वळवली. बत्तीस वर्षांच्या संसारात त्यांनी माझ्याकडे तसं कधी पाहिलं नव्हतं.

बळीरामने त्यांचं अंग पुसलं, बनियन घातली, खुर्चीत नीट बसवून पायावर चादर टाकली. खुंटीवरचा शर्ट घेतला आणि दारात थांबला.

"परवा एकादशी हाये, काकू. राजगिरा आताच देऊन ठेवता का? लाइन आली की तुमचाच पह्यला लावतो. बाजूले दुसरा डबा नाही ठेवू देत कोणाले."

तो हे मनापासून म्हणत होता. त्यात टोमणा असता तर मी भांडले असते. नको म्हणावं, सगळ्यांच्या मागून लाव म्हणावं, हे माझ्या अगदी ओठांवर आलं. पण मागे खुर्चीत हे बसले होते, आणि उद्या सातला त्यांना उचलायला हाच येणार होता.

मी स्वयंपाकघरात गेले आणि डबा आणून त्याच्या हातात दिला.