आईचा पिक्चर

आईच्या तेराव्याला तिच्या फोटोंचा व्हिडिओ लावायचं ठरलं. मागे गाणं कोणतं, यावर बाबांना विचार करावाच लागला नाही. "तिच्या आवडत्या पिक्चरचं. दुसरं कुठलं?"

तो पिक्चर मी धड पाहिला नव्हता. टीव्हीवर लागला की बाबा हाक मारत, "कुसुम, तुझा पिक्चर लागलाय!" आई येऊन बसे आणि मध्यंतर झालं की कुकर लावायला उठे. आपल्याच आवडत्या पिक्चरचा शेवट तिला ठाऊक नाही, असं म्हणून आम्ही तिला चिडवायचो.

दुपारी मी तो टीव्हीवर शोधून काढला. झुलेखामावशी, आईची जुनी मैत्रीण, दिघीहून बाबांसाठी डबा घेऊन आल्या होत्या. त्याही बसल्या.

गाणं मध्यंतरानंतर होतं. गाण्याच्या जरा आधी नायिका बढतीचे पेढे घेऊन घरी येते. नवरा तिच्या कानाखाली मारतो. पेढे जमिनीवर. ती ते गोळा करते, त्याच्या पायांवर डोकं ठेवते, आणि तिथून ते गोड गाणं सुरू होतं.

बाबांचे ओठ संवादाबरोबर हलत होते. "टॉकीजमध्ये काय शिट्ट्या पडल्या होत्या! सगळी कंपनी आली होती, नाही का झुलेखाबी?"

"कुठली कंपनी?" मी विचारलं.

"भोसरीची. तुझी आई आणि ह्या एकाच लाइनवर होत्या ना."

आई कधीकाळी नोकरी करत होती, हे मी आज पहिल्यांदाच ऐकत होते.

"मग सोडली का?"

"अगं, लाइन लीडर करणार होते तिला. टॉकीजमधून निघताना मी गमतीत म्हटलं, बघितलंस ना, बढतीचे पेढे कसे पचतात? सोमवारी गेलीच नाही कामावर. समजूतदार बाई." ते हसले आणि मग डोळे पुसू लागले. रडू खरं होतं.

मी मावशींकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघतेस, बेटा? मीपण टाळ्या वाजवल्या. सगळ्याच बायका वाजवत होत्या. कुसुम तेवढी हात पदरात घेऊन बसलेली. मला वाटलं, हिला पंख्याचं गार लागतंय."

"बाबा, हा पिक्चर आवडतो असं आई कधी म्हणाली होती?"

"नाही आवडत, असंही कधी म्हणाली नाही."

तेराव्याला, जेवणं झाल्यावर, हॉलमध्ये व्हिडिओ सुरू झाला. लग्नातली आई, माझ्या बारशातली आई. गाणं नव्हतं. पहिल्या रांगेतून बाबांनी मागे वळून हात केला. "आवाज गेला का गं?"

पडद्यावर झुलेखामावशींनी दिलेला फोटो आला होता. निळ्या ॲप्रनमधली आई, मशीनला टेकून, तोंड उघडं टाकून हसणारी.

"समोर बघा, बाबा," मी म्हणाले.