गोधडीला पाच रिळं

"बेइमान झाले सारे. रिळात धागा नाई भरत आता, नुसता पुठ्ठा देतात लोकाइले."

रत्नमाला पुटपुटली ती मशीनशी. पण नवरा बाबुलाल हातभर अंतरावर बसून एका जुन्या लुगड्याची शिवण उसवत होता, त्यामुळे त्यातलं अर्धं त्याच्या वाट्याला आलं. त्यानं मान वर केली नाही. सुईखाली गोधडी होती, तिचा एक काठ अजून मोकळा होता, आणि रीळ संपलं होतं.

"कितवं होतं जी हे?"

"सहावं."

"सहावं! मी पाच सांगतले होते."

चिखल्यात आणि आसपासच्या गावांत रत्नमालाच्या 'पाच'ला मान होता. गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्या वर्षी तिनं ही मशीन घेतली. बाबुलाल तेव्हा मँगनीजच्या खाणीत खाली उतरायचा, भरलेल्या ट्रॉल्या मोजायचा. तेव्हापासून बाया जुनी लुगडी घेऊन यायच्या, ती कोपरापासून बोटापर्यंतच्या हातानं मापायची, ओठ हलवायची आणि रिळं सांगायची. चार हात लांब, तीन हात रुंद गोधडी. एका हातात चोवीस बोटं मावतात, बोटभर अंतरानं ओळ धरली तर बहात्तर ओळी. हातभर शिलाईला वरचा आणि बॉबिनचा मिळून तीन हात धागा. एका रिळात दोनशे हात. चार रिळं ओळींत जातात, थोडं पाचव्यातलं, आणि उरलेलं काठाला पुरतं. शाळा चौथीत सुटलेली. पण हा हिशेब तिनं कधी कागदावर मांडला नाही आणि तो कधी चुकला नाही. एका बाईनं हट्टानं सात रिळं आणली, तर दोन परत पाठवून वर ऐकवलं होतं, "धागा ठेवून घेनारी बाई दुसरी पाहा, मी नोहे."

दिवाळीपासून हिशेब बिघडला. आधी साडेपाच लागली, मग सहा. दोष पहिल्यांदा तुमसरच्या घनश्यामच्या दुकानाला लागला, मग रीळ बनवणाऱ्यांना.

बाबुलालला ठाऊक होतं. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं, बायकोच्या डोळ्यामागची नस वाळत चालली आहे, गेलेलं परत येणार नाही. बाहेर बाकावर बसलेल्या रत्नमालाला त्यानं सांगितलं, "चष्म्याचा नंबर बदलला म्हंते." आता तिची ओळ आधीच्या ओळीवर चढायची, तिच्यावर आणखी एक, आणि मधेच चार बोटं कोरी राहायची. दुपारी ती आडवी झाली की सून रुचिता गोधडी परसात न्यायची, चढलेले टाके उसवायची आणि कोऱ्या जागा हातसुईनं भरायची. सासऱ्यानं ते पाहिलं होतं. त्यानं पाहिलंय हे सुनेला कळलं होतं. दोघं त्यावर भाजी काय करायची एवढंच बोलायचे.

ही गोधडी मोनाची होती. खाणीच्या वसाहतीत वाढलेली, आता नागपुरात नोकरीला. आई गेली तेव्हा तिची चार लुगडी घेऊन आली आणि म्हणाली, "काकू, तुमच्याच हातची पायजे." रविवारी न्यायला येणार होती.

"नवं रीळ आन वं रुचिता," रत्नमाला म्हणाली. "आज मोजूनच पाह्यते. मंग दाखवते घनश्यामले."

ती अंगणात बसली. समोर सूप ठेवलं. रीळ बाबुलालच्या हातात दिलं. "मी हात टाकते, तुमी मोजा. जोरानं मोजा."

धागा कोपरापासून बोटापर्यंत ताणायचा, सुपात सोडायचा. बाबुलाल मोजू लागला. वीस, चाळीस, ऐंशी. तिचा हात एका लयीत चालत होता, वीस वर्षांची सवय होती त्याला. शंभर झाले. रीळ अजून गुबगुबीतच होतं. ते पुरं भरणार हे बाबुलालला दिसलं. रीळ कमी भरलं तर काय बिघडणार होतं? घनश्याम धडधाकट माणूस, दोन शिव्या खाऊन पचवेल. हिचा हिशेब तेवढा खरा राहील.

एकशे पन्नास झाले आणि तो पुन्हा एकशे एक्केचाळीसवर आला.

दारात तांदूळ निवडणारी रुचिता थांबली. सासऱ्याकडे पाहिलं आणि मान खाली घालून पुन्हा खडे वेचू लागली.

शेवटी पुठ्ठा उघडा पडला. "एकशे एकाहत्तर," बाबुलाल म्हणाला. आवाज जरा मोठाच लागला. "पाह्य, सरळ एकोनतीस हात खाल्ले त्यानं! उद्याच जातो तुमसरले."

सुपातल्या धाग्यावर रत्नमालानं हात ठेवला.

"खानीत ट्रॉल्या बी असेच मोजत होते का जी तुमी?"

"काहून?"

"मी बी मनात मोजून राहिली होती. एकशे चाळीसच्या पुढचे धा तुमी चारदा मोजले. दोनशे एक भरले."

बाबुलालनं रिकामा पुठ्ठा सुपात ठेवला.

तिनं गोधडी मागितली. रुचितानं आणून मांडीवर ठेवली. बोट एका ओळीवरून निघालं, टाक्यांचा जाड ढीग लागला तिथे थांबलं, मागे आलं, पुन्हा गेलं. मग एका जागी बराच वेळ फिरलं.

"हे हातचे टाके हायेत. बारीक हायेत. तुहेच ना वं रुचिता?"

"आई, ते... उजेड कमी हाये ना आज," रुचिता म्हणाली.

"हो ना," बाबुलालनं घाईनं धरून घेतलं. "आभाळ आलं सकाळपासून."

अंगणात लख्ख ऊन पडलं होतं. रत्नमालानं पदर सारखा केला आणि आवाज आला होता त्या बाजूला तोंड केलं.

"पाठ भाजून राहिली माही, अन् म्हंता आभाळ आलं. घनश्यामले काई म्हनू नोका. धागा पुरा हाये. मले दिसून नाई राहिलं."